अडलात म्हणून अन्याय होत नाही

मंडळी, तुमचं पत्र वाचलं. मी त्यावर सही करणार नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी आशा धरून बसायला नको.

रविवारच्या पुरवणीतलं शब्दकोडं अन्यायकारक होतं, रचणाऱ्याने कुणालाच ठाऊक नसलेला शब्द घालून वाचकांना फसवलं, सबब संपादकांनी कोडं रचणारा माणूस बदलावा, असं तुम्ही लिहिलंत. खाली तुमच्या सह्या. त्यातल्या निम्म्या अक्षरांना वळण मी लावलं आहे, म्हणून त्या ओळखायला मला वेळ लागला नाही. एका माणसाचं काम काढून घ्यावं असा कागद तयार झाला, तो घरोघर फिरला, आणि एवढ्या फिरण्यात एकालाही शब्दकोश उघडावासा वाटला नाही. मला संताप आला तो याचा.

तो शब्द आता नीट बघू. आडवा, घरं तीन, क्लू 'नांगराची मूठ'. पहिल्या घरातून 'रुपया' खाली उतरत होता. तिसऱ्या घरावर 'लेणे' येऊन संपत होतं. त्याचा क्लू अजिंठ्याचा होता आणि तो तुम्हा सगळ्यांना आला होता. म्हणजे रु हातात, णे हातात, मधलं एकच घर रिकामं. रुसणे, रुजणे, रुचणे हे तिन्ही त्या जागी बसतात. यांतलं कुठलं नांगराची मूठ होतं? एकही नाही. मग इथे थांबून 'हा शब्द मला येत नाही' एवढं म्हणायचं होतं. येत नाही म्हणण्यात लाज कसली? वर्गात मी कधी त्यासाठी कुणाला शिक्षा केली नाही. शिक्षा केली ती येत नसताना दुसऱ्याकडे बोट दाखवणाऱ्याला.

शब्द आहे 'रुमणे'. नांगर चालवणाऱ्याचा हात ज्या लाकडावर असतो ते. सबंध दिवस ते दाबून धरावं लागतं, तेव्हा फाळ मातीत उतरतो. हा शब्द कुठल्या पोथीतून उकरून काढलेला नाही. शेतकऱ्यांनी रुमणं हातात घेऊन मोर्चे काढले आहेत आणि 'रुमणे मोर्चा' याच नावाने त्यांच्या बातम्या आल्या आहेत. तुमच्या पत्रात मात्र तो 'कुणालाच ठाऊक नसलेला'. कुणालाच म्हणजे कुणाला? तुम्हा दहा-बारा जणांना. तेवढेच लोक मराठी बोलतात का?

आणि तू, ज्याने मसुदा लिहिलास. तुझ्या चुलत्यांची शेती अजून गावाकडे आहे, दिवाळीला तू तिकडे जातोस. त्यांना एक फोन केला असतास तर अर्ध्या मिनिटात उत्तर मिळालं असतं, आणि इतक्या दिवसांनी पुतण्याने शेतीतलं काही विचारलं म्हणून त्यांना बरंही वाटलं असतं. तू फोन हातात घेतलास तो उत्तर शोधायला. ते सापडलं, घरात भरलंस आणि मग रागावून पत्र लिहायला बसलास. अशाने शब्द येत नाही. नुसतं घर भरतं.

मागे एका कोड्यात 'कॅपुचिनो' आला होता, आठवतंय? चार घरं, क्लू 'फेसाळ कॉफीचा एक प्रकार'. तेव्हा एकही हरकत निघाली नाही. खेड्यातल्या शाळेत बसून ते कोडं सोडवणाऱ्या मुलाला तो शब्द कितपत जवळचा होता, हा विचार तुमच्या मनाला शिवला नाही. त्या मुलाला रुमणं येतं, तुम्हाला कॅपुचिनो येतो. तुम्हाला येतो तो शब्द सामान्यज्ञानातला आणि त्याला येतो तो क्लिष्ट, ही वाटणी तुम्ही कुठल्या अधिकाराने केलीत? शिवळ, मोट, नाडा, शिंकाळं, फुंकणी हे शब्द ज्यांनी आयुष्यभर हाताळले त्यांना कोडं रचणाऱ्यांच्या खुर्चीवर फारसं कुणी बसवलं नाही. एखादा रचणारा चुकून त्यांच्या घरातला शब्द आणतो, आणि तुम्ही त्याला घालवायला निघालात.

आता जरा सरसावून बसा, कारण खरी गोष्ट पुढेच आहे. त्या कोड्यात अन्याय झाला होता. एक सोडून दोन ठिकाणी. आणि तुमच्या एवढ्या लांबलचक पत्रात त्या दोन्हींचा उल्लेखसुद्धा नाही.

पहिलं ठिकाण उजवीकडचा खालचा कोपरा. आडवा शब्द, दोन घरं, क्लू 'हत्ती'. त्याच्या दुसऱ्या घरातून खाली उतरणारा उभा शब्द, दोन घरं, क्लू 'पाणी'. तुम्ही सगळ्यांनी 'गज' लिहिलंत, ज वरून 'जल' आलं, जमलं म्हणून पुढे गेलात. उत्तरातही तेच छापून आलं. पण हत्तीला 'द्विप' म्हणतात. सोंडेने आणि तोंडाने असा दोनदा पिणारा. आणि पाण्याला 'पय' म्हणतात. द्विप लिहा, प वरून पय येतं. चारही बाजूंनी तपासा, दोन्ही उत्तरं तंतोतंत बसतात, दोन्ही कोशांत आहेत. तिथे पहिल्या घरातून किंवा शेवटच्या घरातून दुसरा कुठलाही शब्द जात नव्हता. वरून एखादा 'राग' उतरून पहिल्या घरावर संपला असता तर ग पक्का झाला असता आणि द्विप आपोआप बाद झाला असता. किंवा क्लूमध्येच 'ज्याच्या अंतावर लक्ष्मी येते असा हत्ती' म्हणून गजान्तलक्ष्मीचा धागा दिला असता तरी चाललं असतं. रचणाऱ्याने दोन्ही केलं नाही. ज्या कुणी द्विप आणि पय भरलं असेल, त्याने तुमच्यापेक्षा जास्त शब्द जाणून कोडं सोडवलं आणि तो चुकीचा ठरला. याला अन्याय म्हणतात.

आपल्याकडे हा दोष पटकन शिरतो, त्याला कारण आहे. इंग्रजीत एका घरात एक अक्षर, त्यामुळे शब्द लांब होतात आणि एकमेकांना पुष्कळ ठिकाणी छेदतात. मराठीत एका घरात काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर सगळ्यासकट पूर्ण अक्षर बसतं. 'उत्तर' तीन घरांत मावतो, 'वाळवंट' चार घरांत. शब्द आखूड, छेद कमी. त्यात संस्कृताकडून आलेले समानार्थी शब्द ढिगाने. कमळ म्हटलं की पद्म, पंकज, अंबुज, सरोज, राजीव, उत्पल, अरविंद. सूर्य म्हटलं की रवी, भानू, अर्क, मित्र, भास्कर, सविता. रचणाऱ्याला एक कोपरा भरता आला नाही की तो यातला एखादा घालून मोकळा होतो. एका शब्दाचा नुसता क्लू देऊन भागत नाही. तो कुठल्या शब्दाने पक्का होतो, हे त्याने बघितलंच पाहिजे. मराठीत कोडं रचणाऱ्याची जबाबदारी म्हणून इंग्रजीपेक्षा मोठी आहे, कमी नाही.

दुसरं ठिकाण तर माझ्या विद्यार्थ्यांनी सोडून द्यावं याचं मला वाईट वाटतं. आडवा शब्द, 'काव्य रचणारा', दोन घरं. दुसऱ्या घरातून उभा 'विहीर'. तुम्ही 'कवि' लिहिलंत, वि वरून विहीर केलीत आणि गप्प बसलात. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये आले. तत्सम इकारान्त आणि उकारान्त शब्द मराठीत दीर्घान्त लिहायचे, हा त्यातला नियम मी तुमच्याकडून कितीतरी वेळा घटवून घेतला आहे. कवी, रवी, गती, बुद्धी, गुरू. समासाच्या पहिल्या पदात आला तर कविसंमेलन, गुरुदक्षिणा असा ऱ्हस्व राहतो, एकटा असला तर दीर्घ. तेव्हा आडव्यात 'कवी' येतं, आणि वीहीर नावाची वस्तू महाराष्ट्रात नाही. छेद जुळतच नाही. काही कोड्यांच्या डोक्यावर 'ऱ्हस्वदीर्घाचा भेद मानलेला नाही' असं छापलेलं असतं. तसं छापलं असेल तर माझी हरकत नाही, कारण सूट आधी जाहीर केली आणि ती सगळ्यांना सारखी मिळाली. इथे तसं काही छापलेलं नव्हतं. ज्याने नियम पाळून 'कवी' लिहिलं तो विहिरीवर अडकला, आणि ज्याला नियम माहीतच नव्हता तो सरळ पार झाला. जाणणारा अडतो आणि न जाणणारा सुटतो, असं कोडं सदोष असतं. यावर भांडायला हवं होतं. यावर तुमच्यातल्या एकाचाही आवाज निघाला नाही.

म्हणून एक कसोटी सांगते, ती लिहून घ्या. उत्तर छापून आलं की ते वाचून तुमच्या तोंडून काय निघतं ते बघा. 'अरे, हेच असणार होतं, मला सुचलं नाही' असं निघालं तर कोडं चोख आहे आणि तुम्ही कमी पडलात. 'हे होतं, पण तेही चाललं असतं' असं निघालं तर कोडं सदोष आहे, मग शब्द कितीही सोपा असो. रुमण्याच्या जागी दुसरं काही चाललं असतं का? नाही. गजाच्या जागी? हो. तुम्ही अवघडपणा मोजत बसलात. मोजायचं होतं ते उत्तर एकच निघतं की नाही, हे.

ही माझ्या मनाने काढलेली गोष्ट नाही. या देशात नेमक्या याच प्रश्नाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं आहे. तुमच्या आजोबांच्या पिढीत बक्षिसांच्या शब्दकोड्यांनी वेड लावलं होतं. प्रवेशफी भरायची, कोडं भरून पाठवायचं, मोठ्या रकमेची आशा धरायची. क्लू असे की दोन-दोन शब्द सारखेच लागू पडावेत. 'बरोबर' उत्तर आयोजकांनी आधीच ठरवून मोहोरबंद ठेवलेलं. तुमचा शब्द तर्काला धरून आहे की नाही याला किंमत नव्हती. त्या पाकिटातल्या शब्दाशी तो जुळला तर बक्षीस, नाही तर फी गेली. मध्यमवर्गाने, मजुरांनी, विद्यार्थ्यांनी त्यात पैसे घातले. मुंबई सरकारने १९४८ मध्ये लॉटऱ्या आणि बक्षीस स्पर्धांवर नियंत्रण आणणारा कायदा केला आणि १९५२ मध्ये तो सुधारून परराज्यात छापल्या जाणाऱ्या स्पर्धांनाही लागू केला. बंगळूरहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या साप्ताहिकातून आर. एम. डी. सी. क्रॉसवर्ड्स नावाची स्पर्धा चालवणारे चमारबागवाला त्याविरुद्ध न्यायालयात गेले. ९ एप्रिल १९५७ रोजी निकाल लागला. न्यायालयाने सांगितलं, हा जुगार आहे, आणि जुगाराला व्यापाराचं संरक्षण मिळत नाही. त्याच दिवशी केंद्राच्या १९५५ च्या बक्षीस स्पर्धा कायद्याचाही निकाल झाला. त्या कायद्याने महिन्याला एकूण हजार रुपयांवरच्या बक्षिसांना बंदी घातली होती आणि प्रवेशिकांची मर्यादा दोन हजारांवर आणली होती. न्यायालयाने तो कायदा उचलून धरताना रेघही स्पष्ट ओढली: यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून नसेल तर हा कायदा लागू, असेल तर नाही.

कोड्यात अन्याय हा शब्द कुठे लागतो ते या निकालावरून शिका. शब्द दुर्मीळ होते म्हणून ती कोडी जुगार ठरली नाहीत. उलट पुष्कळदा ते शब्द अगदी रोजचे असत. हुशारी वापरून उत्तरापर्यंत पोहोचायची वाट बंद होती, म्हणून तो जुगार ठरला. रुमण्यापर्यंत पोहोचायची वाट उघडी होती. कोश होता, चुलते होते. तुम्ही निघालाच नाहीत.

दुसरं उदाहरण इंग्लंडमधलं देते, कारण त्यांनी या शास्त्राचा विचार आपल्यापेक्षा जास्त केला आहे हे कबूल केलंच पाहिजे. डी. एस. मॅकनट हे ख्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवणारे शिक्षक. १९३९ पासून १९७१ मध्ये वारले तोपर्यंत त्यांनी 'ऑब्झर्व्हर'मध्ये 'झिमेनेस' या नावाने कोडी रचली. झिमेनेस हे छळासाठी कुप्रसिद्ध असलेल्या स्पेनमधल्या धर्मन्यायसभेच्या एका प्रमुखाचं नाव. त्यांच्या आधी तिथे रचणारे एडवर्ड पॉईस मॅथर्स त्याच सभेच्या दुसऱ्या प्रमुखावरून 'टॉर्केमादा' म्हणवत, म्हणून ह्यांनी तेच घराणं चालवलं. आपण सोडवणाऱ्याचा छळ करतो, हे ते नावातच मान्य करत होते. पण छळालाही शिस्त हवी, असं या शिक्षकाचं म्हणणं. १९६६ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी ती शिस्त मांडली. अर्थ नेमका द्या, शब्दाच्या घडणीकडे नेणारा दुसरा धागा प्रामाणिक द्या, आणि या दोहोंखेरीज क्लूमध्ये एकही फालतू शब्द ठेवू नका, असा तिचा गाभा. त्यांच्याही आधी 'अ‍ॅफ्रिट' या नावाने रचणाऱ्या ए. एफ. रिची यांनी १९४९ मध्ये हेच सांगितलं होतं: वाचणाऱ्याला चुकीच्या दिशेला न्यायची मुभा आहे, पण शब्दांनी खोटं बोलायची नाही. या मंडळींच्या कोड्यांत असे असे शब्द येत की बाडं उपसावी लागत. तरी ती कोडी न्याय्य मानली गेली, कारण उत्तर हाती आलं की शंका राहत नसे.

त्यांच्याकडची आणखी एक पद्धत तुम्हाला मुद्दाम सांगायची आहे. झिमेनेस नियमितपणे एक शब्द देत आणि सोडवणाऱ्यांनाच त्याचा क्लू रचायला लावत. आलेल्या क्लूंवर स्वतः छापील टिपण काढून कुणाचं कुठे चुकलं ते सांगत. त्यांच्यानंतर १९७२ पासून जोनाथन क्राउथर यांनी 'अझेड' नावाने ती परंपरा पुढे चालवली. तिथे हरकत घेणाऱ्या माणसाने स्वतः क्लू घडवून बघितलेला असे. तुमच्यापैकी एकाने तरी आजवर एक कोडं रचलं आहे का?

अमेरिकेत यावर अलीकडे एक सोपा दंडक निघाला. २००८ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या एका कोड्यात मॅसॅच्युसेट्समधल्या नेटिक या गावाचं नाव आणि एन. सी. वायेथ या चित्रकाराचं नाव एकाच अक्षरात छेदलं. दोन्ही नावं माहीत नसलेल्याला ते अक्षर कुठल्याही तर्काने मिळणार नव्हतं. तेव्हापासून अशा छेदाला नेटिकच म्हणतात आणि चांगले रचणारे तो टाळतात. विशेषनामाला अर्थाचा आधार नसतो, म्हणून दोन अनोळखी विशेषनामं एकमेकांत गुंतवायची नाहीत. आपल्याकडे तालुक्याच्या गावाचं नाव आणि जुन्या चित्रपटातल्या सहकलाकाराचं नाव असं सर्रास गुंतवलेलं असतं. त्यावर हरकत घ्या, मी तुमच्या बाजूने उभी राहीन.

रचणाऱ्यांना मी पाठीशी घालत नाही, हे एव्हाना कळलं असेल. 'गज' आणि 'जल' यांसारखे शब्द कुठलाही अंकुश न ठेवता कोपऱ्यात टाकणं हा आळस आहे. शुद्धलेखनाचा नियम सोयीप्रमाणे वाकवणं हा त्याहून मोठा आळस आहे. क्लू नाम आणि उत्तर क्रियापद, क्लू अनेकवचनी आणि उत्तर एकवचनी, हेही मी पाहते आणि मला ते खपत नाही. पण रचणाऱ्याला जाब विचारायचा अधिकार अभ्यासाने येतो. अडल्याचा राग काढायला तो अधिकार मिळत नाही. तुम्ही त्याच्या चुकीवर बोट ठेवलं असतं तर पुढच्या वेळी तो सावध झाला असता. तुम्ही त्याच्या चांगल्या शब्दावर तुटून पडलात. आता तो काय शिकेल? कॅपुचिनो घालावा, रुमणं घालू नये. तुमच्यामुळे रविवारच्या पानावरून मराठी शब्द एकेक करून निघून जातील, आणि मग तुम्हीच म्हणाल की हल्लीच्या कोड्यांत दम राहिला नाही.

आता कामाचं बोलते. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही आज फोनवर फुकट बघायला मिळतात. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ ची. महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ मध्ये निघाले आणि पुरवणी १९५० मध्ये. एवढ्या मोठ्या कामावर कितीतरी माणसांची वर्षं गेली आहेत. ते उघडून बघायला तुम्हाला पाच मिनिटं नाहीत, ही सबब मी ऐकणार नाही. पुढच्या रविवारपर्यंत प्रत्येकाने सात बाय सातची चौकट आखून एक कोडं रचून आणायचं. प्रत्येक आखूड शब्दाचे समानार्थी शब्द तपासायचे आणि दुसरं उत्तर निघत नाही, हे लेखी दाखवायचं. घरातल्या किंवा गावाकडच्या माणसाला विचारून मिळवलेला एक तरी शब्द त्यात हवा. क्लूवर मी लाल पेन चालवणार आहे.

संपादकांना मी माझ्या नावाने पत्र लिहिलं आहे. त्यात हरकती दोन: हत्ती-पाण्याचा कोपरा आणि कवीची विहीर. रुमण्याबद्दल त्या रचणाऱ्याचे आभार मानले आहेत. ज्याला त्या पत्रावर सही करायची असेल त्याने आधी तुमच्या पत्राखालची आपली सही खोडावी, 'द्विप' आणि 'पय' हे दोन्ही शब्द कोशात पाहावेत, आणि मग माझ्याकडे यावं.